मूल सांभाळायचं, पण दत्तक नाही: फॉस्टर पालकत्व म्हणजे नेमकं काय?

ती आमच्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. पहिल्या संध्याकाळी मी ताटं मांडली तशी तिने विचारलं, "घंटा झाली?" बालगृहात जेवणाची घंटा होते, मग रांग, मग ताट. आमच्याकडे नुसत्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. रात्री झोपण्याआधी तिने दाराशी काढलेल्या चपला उचलून स्वतःच्या पिशवीत ठेवल्या आणि पिशवी उशाशी घेऊन झोपली. हे पुढे बरेच आठवडे चाललं. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

तिचं नाव, शाळा, आईचा पत्ता यातलं काहीच मी लिहिणार नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. फॉस्टर पालकाने पहिल्याच दिवशी शिकायची गोष्ट ही आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मुलासोबतचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकायचा नाही, सोसायटीच्या ग्रुपवर नाही, वाढदिवसाचासुद्धा नाही.

दीड वर्षाने ती तिच्या आईकडे परत गेली. तेव्हापासून ओळखीतले, त्यांच्या ओळखीतले, कुणी ना कुणी विचारतच असतं: आम्हालाही करायचं आहे, कुठे जायचं, पैसे मिळतात का, मूल परत नेतात म्हणजे काय? फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

दत्तक नव्हे

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "म्हणजे दत्तकच ना?" तर नाही. दत्तक घेतलं की कायद्याने मुलाचे आईवडील बदलतात. आडनाव, वारसाहक्क, सगळं तुमच्या पोटच्या मुलासारखं होतं आणि ते कायमचं असतं. हा आदेश पूर्वी कोर्ट देत असे, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. फॉस्टरमध्ये मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्या हातचं जेवतं, तुम्ही त्याला शाळेत सोडता, पण कायद्याने ते तुमचं होत नाही. त्याचं आडनाव तेच राहतं. त्याला तुमच्या मालमत्तेत आपोआप हक्क मिळत नाही. आणि बाल कल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीने, सांगितलं की ते परत द्यावं लागतं.

सरकारी कागदांवर याला "प्रतिपालकत्व" म्हणतात. बोलताना सगळे फॉस्टरच म्हणतात, मीही तेच लिहिते. कायदा २०१५ चा आहे, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, आणि फॉस्टरचा सगळा गाभा त्याच्या कलम ४४ मध्ये आहे. ते एकच कलम वाचलंत तरी निम्म्या शंका मिटतील.

आमच्या आजेसासूबाईंना हे समजावताना मी कलमं सांगितली नव्हती. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोकणातून, देशावरून नात्यातली मुलं शिकायला म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या तरी माडीवर राहायची. त्या मुलांना कुणी आपली केली नाहीत. त्यांची आई गावाकडे होती आणि सुट्टी लागली की ती तिच्याकडे जायची. "तसंच आहे का?" त्यांनी विचारलं. जवळजवळ तसंच. फरक एवढाच की इथे मूल स्वतःच्या मर्जीने येत नाही, आणि मध्ये सरकार असतं, जे दर महिन्याला बघायला येतं.

कोणती मुलं?

जी मुलं फॉस्टरला येतात त्यांतल्या पुष्कळांना आई किंवा वडील असतात. हे ऐकून लोक चमकतात. आई लांबच्या दुखण्यात अंथरुणाला खिळलेली, वडील तुरुंगात, घरात दारू आणि मारहाण, आईला स्वतःलाच राहायला जागा नाही, अशी कारणं असतात. अशा मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे असं बाल कल्याण समितीने ठरवलं की त्याची सोय करण्याची जबाबदारी समितीवर येते. दुसऱ्या प्रकारची मुलं म्हणजे ज्यांना कुणीच नाही, जी कायद्याने दत्तकासाठी मोकळी आहेत, पण वय मोठं म्हणून किंवा आजार, अपंगत्व आहे म्हणून एक-दोन वर्षं वाट पाहूनही कुठल्याच कुटुंबाने निवडली नाहीत.

इथे एक स्पष्ट सांगते. तुम्हाला बाळ हवं असेल तर फॉस्टरच्या रस्त्याला येऊ नका. फॉस्टरसाठी सहा वर्षांवरची मुलं दिली जातात. दत्तक जाऊ शकेल असं मूल दीर्घकाळ फॉस्टरला ठेवायचं नाही, असं कलम ४४ मध्येच लिहिलं आहे. दत्तकाच्या रांगेत फार वर्षं जातात म्हणून फॉस्टरची पळवाट शोधणारी जोडपी मला भेटली आहेत. त्यांचं दुःख मला समजतं. पण त्या घरी गेलेलं मूल स्वतःच्या आईची आठवण काढायलाही घाबरेल, आणि तसं होऊ नये म्हणूनच हा कायदा आहे.

दत्तकाची शक्यता अजिबात नसते असंही नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने फॉस्टरच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. मूल दोन वर्षं तुमच्याकडे राहिलं आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळं ठरलं, तर तुम्ही त्याला दत्तक घेण्यासाठी अर्ज करू शकता. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. पण आईवडील परत उभे राहतील अशी आशा जिथे आहे, तिथे हा दरवाजा मनात उघडाच ठेवू नये.

मग बालगृह काय वाईट?

पुण्यातल्या बालगृहांमध्ये जीव ओतून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रश्न माणसांचा नाही, आकड्याचा आहे. एका मावशीच्या वाट्याला पुष्कळ मुलं असतात, ती पाळीने बदलते, आणि रात्री तीनला स्वप्न पडून उठलेल्या मुलाला तीच मावशी भेटेल याची खात्री नसते.

रुमेनियात २००० साली सुरू झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ लहान मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांतली निम्मी फॉस्टर कुटुंबांत दिली, निम्म्यांची देखभाल संस्थेत चालू राहिली. पुढे वर्षानुवर्षं दोन्ही गट तपासले. घरात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ आणि माणसांशी जोडून घेणं सरस निघालं. दोन वर्षांची व्हायच्या आत जी घरात गेली त्यांची प्रगती सगळ्यांत चांगली होती. आता हे आपल्याकडे लावून बघा. आपल्याकडे मूल फॉस्टरला येतं तेच सहाच्या पुढे, म्हणजे बराच उशीर झालेला असतो. म्हणून "महिनाभरात रुळली का?" या प्रश्नाला काही अर्थ नसतो. आमच्याकडे पाणी प्यायलाही परवानगी मागणं चार महिन्यांनी थांबलं.

त्याआधी एक योजना, जी फॉस्टर नाही

चौकशीला गेलात की "बालसंगोपन" हा शब्द कानावर पडेल. तिथे गोंधळ होतो. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही मुख्यतः मुलाला त्याच्या स्वतःच्याच घरात किंवा नात्यात ठेवण्यासाठी आहे. विधवा किंवा एकटी आई, आजारी पालक, नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा, यांना मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ही रक्कम १,१०० होती, त्याआधी ४२५.

मी हे मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, तुमच्या इमारतीचे वॉचमन, तुमच्या शाळेतलं एखादं मूल, यांच्यापैकी कुणाला या पैशांची गरज असेल, तर फॉस्टर पालक होण्याचा विचार करण्याआधी त्यांचा अर्ज भरायला मदत करा. कितीतरी मुलं बालगृहात जातात ती आईला नकोशी झाली म्हणून नाही. घरभाडं आणि शाळेची फी यांचा मेळ बसत नाही म्हणून जातात. मूल स्वतःच्या घरी राहिलं तर कुणाच्याच घरी फॉस्टरला जायची वेळ येत नाही.

कोण होऊ शकतं?

पूर्वी हे जोडप्यांपुरतंच होतं. आता एकटी व्यक्तीही फॉस्टर पालक होऊ शकते, मग ती अविवाहित असो, विधवा किंवा विधुर असो, घटस्फोटित असो की कायद्याने विभक्त. वय ३५ ते ६० हवं. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा मिळतो. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७०. दोघंही भारताचे नागरिक हवेत आणि दोघांचीही इच्छा हवी. "मिस्टरांचा विरोध नाही" एवढं पुरत नाही.

स्वतःची मुलं असली तरी चालतं. आमचा मुलगा तेव्हा दहावीला होता. घर भाड्याचं असलं तरी हरकत नाही, मुलाला पुरेशी जागा आणि मूलभूत सोयी आहेत का ते बघतात. मुलाच्या गरजा भागतील एवढं उत्पन्न असावं. घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते, त्यात एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या असतात. सासूबाई त्यावरून जरा दुखावल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मूल आपल्या घरी देणाऱ्याने आपल्याला एवढं विचारायलाच हवं. घरात कुणावर गुन्हा सिद्ध झालेला नसावा. शेजारीपाजारी, मित्रमंडळी यांच्याशी बरे संबंध असावेत हेही बघतात. मला ती अट फार शहाणपणाची वाटते. फॉस्टरच्या काळात शेजारच्या काकूंनी जेवढं केलं तेवढं सख्ख्यांनी केलं नाही.

पुण्यात जायचं कुठे?

पुण्यात महिला व बालविकास आयुक्तालय आहे, राणीच्या बागेत, जुन्या सर्किट हाऊसजवळ. नाव सापडतं म्हणून पुष्कळजण तिथे जाऊन उभे राहतात. ते कार्यालय सगळ्या राज्याचं आहे. तुमचं काम जिल्ह्याच्या कार्यालयात होतं: जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि त्यांच्या अखत्यारीतला जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तिथे "संस्थाबाह्य" काम बघणारे संरक्षण अधिकारी असतात. संस्थाबाह्य म्हणजे बालगृहाच्या बाहेरची काळजी. फॉस्टर, प्रायोजकत्व, बालसंगोपन हे सगळं त्याच टेबलावर येतं. गेल्यावर थेट विचारा, "संस्थाबाह्यचं काम कोण बघतं?" त्याने अर्धा तास वाचतो.

नोंदणी कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवरही करता येते. पण नुसता ऑनलाइन अर्ज टाकून घरी बसू नका. स्वतः जाऊन भेटलेलं बरं.

सामाजिक संस्थाही आहेत. भारतीय समाज सेवा केंद्र पुण्यात १९७९ पासून मुलांच्या पुनर्वसनाचं काम करतं. ससून रुग्णालयाच्या आवारात सोफोश या संस्थेचं "श्रीवत्स" हे अनाथ, सोडून दिलेल्या लहान मुलांचं केंद्र आहे. या संस्थांची ओळख लोकांना दत्तकामुळे आहे, आणि तुमचा कल दत्तकाकडे आहे की फॉस्टरकडे हेच मनात नक्की नसेल तर अशा ठिकाणच्या सामाजिक कार्यकर्त्यांशी एकदा सविस्तर बोलावं. पण संस्था कितीही जुनी, कितीही चांगली असली तरी ती स्वतःच्या अधिकारात मूल तुमच्या घरी देऊ शकत नाही. तो आदेश फक्त बाल कल्याण समितीचा.

ही समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. नावावरून एखादं मंडळ वाटतं, पण तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तिचा आदेश हा कोर्टाच्या आदेशासारखाच सांभाळून ठेवा, लॅमिनेशन न करता, चार-पाच झेरॉक्स काढून.

आणि एक गोष्ट. "ओळखीतल्या एका बाईचं मूल आहे, तिला सांभाळणं होत नाही, आम्ही ठेवून घेतो" असं परस्पर ठरवू नका. कितीही चांगल्या मनाने केलं तरी पुढे शाळा, दवाखाना, पोलीस अशा प्रत्येक ठिकाणी ते अडतं, आणि पैसे हातबदल झाले असतील तर तो गंभीर गुन्हा होतो. एखादं मूल एकटं, सोडून दिलेलं दिसलं तर १०९८ ला फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि अशा मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं.

घर बघायला येतात तेव्हा

अर्जानंतर सामाजिक कार्यकर्ते घरी येतात. त्यावरून जो अहवाल तयार होतो त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून लोक घर चकाचक करतात. आम्हीही पडदे धुतले. आमच्याकडे आलेल्या ताईंनी पडद्यांकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं भांडता तेव्हा कोण आधी बोलतं? मुलाने चोरी केली तर काय कराल? अंथरूण ओलं केलं तर? आमच्या मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं, तुझी खोली वाटून घ्यावी लागेल, चालेल का? तो म्हणाला, दहावी होईपर्यंत अवघड आहे. मला धस्स झालं. ताई म्हणाल्या, खरं बोलला ते बरं झालं. मग हॉलमधला दिवाण तिचा ठरला, आणि परीक्षा झाल्यावर खोली.

त्यांचा शेवटचा प्रश्न मात्र मी पुढे प्रत्येकाला विचारत आले आहे: "हे मूल परत जाईल तो दिवस तुम्ही डोळ्यांसमोर आणू शकता का?" ह्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "आणू शकतो. आवडत नाही, पण आणू शकतो." मला वाटतं, आमचा अर्ज त्या उत्तरावर मंजूर झाला.

कागदपत्रं जी लागतात ती नेहमीचीच: आधार, पॅन, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला किंवा घटस्फोट झाला असेल तर त्याचा आदेश, फोटो, वैद्यकीय दाखले, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांचा अभिप्राय. मुलाचाही असाच अहवाल होतो. त्याचं दुखणंखुपणं, शाळा, स्वभाव, कुणाशी जवळीक आहे, हे सगळं त्यात येतं. मग दोन्ही अहवाल समोर ठेवून जुळवणी करतात. मुलाला विचारलं जातं. भावंडं असतील तर शक्यतो एकत्रच ठेवायची असा नियम आहे, तेव्हा एकाची तयारी करून गेलेल्यांना दोघांबद्दल विचारलं जाऊ शकतं. त्याचा आधीच विचार करून ठेवा.

मूल घरी आल्यावर

कायद्याने तुमची जबाबदारी म्हणजे शिक्षण, आरोग्य, आहार आणि एकूण भलं. समितीकडून दर महिन्याला पाहणी होते. सुरुवातीला ते परीक्षेसारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीला मी पोहे करून वाट बघत होते, कारण तोपर्यंत विचारायच्या गोष्टींची यादी माझ्याकडेच साठलेली असायची. हयगय दिसली तर मूल दुसऱ्या कुटुंबात हलवतात.

खऱ्या अडचणी बाहेरच्या असतात. एका शाळेने तिला प्रवेश देताना "वडिलांची सही" हवीच म्हणून आम्हाला तीनदा परत पाठवलं. शेवटी समितीच्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांसमोर ठेवली, आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो हे बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा झालं. म्हणून आदेशाच्या झेरॉक्स पिशवीतच ठेवा. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवणं, असा कुठलाही मोठा निर्णय असला तर आधी समितीला कळवा, मग पुढे जा.

मुलाला मार बसता कामा नये, हे वेगळं सांगायला नको. पण "तुझ्या आईने तुला टाकलं" हे वाक्यही मारच आहे. पाहुण्यांकडून ते सर्रास येतं, तेही दयेने. आमच्या एक आत्या कौतुकाने "यशोदा झालीस गं" म्हणायच्या. मी त्यांना म्हटलं, आत्या, तिच्यासमोर नका म्हणू. तिची देवकी जिवंत आहे आणि तिला रोज आठवते.

पालकांना मुलाला भेटता येतं. समितीला ते मुलाच्या हिताचं वाटत नसेल तर ती कारणं लिहून भेट नाकारू शकते, एरवी ठरावीक दिवसांनी भेट व्हावी असंच कायदा म्हणतो. या भेटी मला सगळ्यांत जड गेल्या. भेटीनंतर दोन दिवस ती जेवायची नाही, माझ्यावर चिडायची. माझ्या मनात येऊन गेलं की भेटी कमी झाल्या तर बरं. ते मी आमच्या समुपदेशक ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ती आईला भेटून आल्यावर रडते म्हणजे भेट वाईट झाली असं नाही, भेट संपली म्हणून रडते. त्यानंतर भेटीच्या दिवशी मी तिच्या केसांना तेल लावून वेणी घालून द्यायला लागले. आईला ती नीटनेटकी दिसावी असं तिला वाटायचं.

पैसे आणि इतर आधार

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टरला दिलेल्या मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. ते बाल संरक्षण कक्षामार्फत येतात आणि मुलासाठी असतात. पुण्यातली शाळेची रिक्षा, वह्या, डॉक्टर, दूध याचा हिशेब केलात तर ही रक्कम हातभार आहे, पूर्ण खर्च नाही. एक तारखेला पैसे येतील असं धरून घरखर्च आखू नका. खर्चाची साधी वही ठेवा. विचारलं तर दाखवता येते, आणि मूल परत जाताना त्याच्या आईलाही देता येते.

समुपदेशन हा आधार लोक सगळ्यांत कमी वापरतात. बाल संरक्षण कक्षात समुपदेशक असतात. गरज वाटली तर ससूनमध्ये बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. मूल उशिरा बोलतंय, शिकण्यात फार मागे आहे असं वाटलं तर रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात बालविकास केंद्र आहे. मुलाच्या वडिलांचं व्यसन हे मूळ कारण असेल तर त्यांच्यासाठी मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र याच शहरात १९८६ पासून आहे. हे तुमचं काम नाही असं वाटेल, पण वडील शुद्धीवर आले तरच मुलाला घर परत मिळणार असतं. कायद्याचा सल्ला लागला तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि मुलांना, स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते.

ज्या मुलांना आईवडील दोघंही नाहीत त्यांनी अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढावं. राज्यात अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, आणि ते या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं की ही धावपळ सुरू होते, त्याऐवजी लवकरच अर्ज करावा. अठरा वर्षं पूर्ण झाली की फॉस्टर संपतं. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद आहे, पण ती बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी.

परत जाताना

आई सावरली, तिला काम मिळालं, राहायला खोली मिळाली, ती मूल सांभाळू शकते असं समितीला पटलं, की मूल परत जातं. हे एका दिवसात होऊ नये. आमच्याकडे आधी तासाभराच्या भेटी, मग दिवसभर, मग शनिवार-रविवार मुक्काम, असं दोन महिने चाललं. त्या काळात मी तिच्या आईला बसवून सगळं सांगितलं: तिला कुठल्या डाळीची आमटी चालते, कुठलं औषध कडू म्हणून थुंकते, गणितात हातचा विसरते, पावसात विजा चमकल्या की घाबरते. त्या बाईंनी एका जुन्या डायरीत सगळं लिहून घेतलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "विजांना ती आधीपासूनच घाबरते. माझ्याकडे असल्यापासून." मला बरं वाटलं ते ऐकून.

तिच्यासोबत काय द्यायचं याचाही विचार करा. लसीकरणाचं कार्ड, शाळेचे दाखले, दवाखान्याची फाइल, खर्चाची वही, तिची चित्रं, आणि तिच्याकडचे आमचे दोन-तीन फोटो. नवी सायकल घेऊन द्यावी असं ह्यांच्या मनात होतं. समाजसेविका ताई म्हणाल्या, नको, आईला ते झेपणार नाही. त्यांचं बरोबर होतं. आम्ही नुसत्या नव्या चपला घेतल्या. जुन्या त्या वेळी शू-रॅकमध्येच होत्या, पिशवीत नव्हत्या.

त्यानंतर संपर्क ठेवायचा की नाही हे तिच्या आईने ठरवायचं होतं. पहिले तीन महिने काहीच नाही. मला तो काळ फार जड गेला, आणि समुपदेशक ताईंकडे मी त्या काळात सगळ्यांत जास्त वेळा गेले. मग एका रविवारी फोन आला. आता बहुतेक रविवारी येतो, भागाकाराचं गणित अडलेलं असतं. मी एक पायरी सांगते, आणि म्हणते, पुढची आईला विचार.